अॅम्प्लिफायर बंद पडतो तेव्हा



आज एका घरगुती तक्रारीविषयी बोलायचे आहे. गाणी ऐकण्यासाठी हौसेने घेतलेला स्टिरिओ अॅम्प्लिफायर घरात असतो. बटण दाबले की दिवा लागतो, आवाज येतो, दोन गाणी छान होतात, आणि मग एकाएकी आतून 'टक्' असा आवाज होऊन सगळे शांत होते. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करावा, तर चालतो आणि पुन्हा बंद पडतो. मग घरात सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, "आता म्हातारा झाला तो, नवा घ्या." कोणी म्हणतो, "आतली आयसी गेली असणार." कोणी वरून एक थाप मारतो, आणि योगायोगाने तो त्याच वेळी सुरू झाला, तर ती थाप त्या घरात कायमचे औषध होऊन बसते!

पण जरा थांबून विचार करू या. जे यंत्र पार मोडले, ते पाच मिनिटांनी आपण होऊन बरे होत नसते. ज्या अर्थी ते पुन्हा चालू लागते, त्या अर्थी मधल्या वेळात त्याला कोणीतरी थांबविले होते. हा थांबविणारा बहुधा अॅम्प्लिफायरच्या पोटातच बसलेला असतो. त्याला आपण पहारेकरी म्हणू. त्याने काय पाहिले म्हणून दार लावले, एवढेच आपल्याला शोधून काढायचे आहे.

त्यासाठी हे यंत्र काय करते, ते थोडक्यात पाहू. मोबाईलमधून किंवा रेडिओमधून जो विद्युत्संदेश येतो तो फार दुबळा असतो. स्पीकरचा पडदा हालवण्याची ताकद त्याच्यात नसते. कालव्याच्या दाराशी उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. तो हाताने चाक थोडेसे फिरवतो आणि पाण्याचा केवढा तरी लोंढा पाटात येतो. जोर पाण्याचा, पण किती सोडायचे ते ठरवणार त्याचा हात. अॅम्प्लिफायरमध्ये भिंतीतल्या विजेपासून मिळणारी शक्ती म्हणजे धरणातले पाणी. ट्रान्झिस्टर म्हणजे दार, आणि तो दुबळा संदेश म्हणजे चाक फिरवणारा हात. हे दार सतत कमीजास्त उघडत असते, आणि तसे होताना ट्रान्झिस्टर तापतो. ती उष्णता बाहेर जावी म्हणून त्याला अॅल्युमिनियमचा, पंखासारख्या पट्ट्यांचा जाड तुकडा जोडलेला असतो. त्याला कारागीर हीटसिंक म्हणतात.

आता पहारेकऱ्याची नजर कशावर असते? मुख्यतः तीन गोष्टींवर. एक, प्रवाह प्रमाणाबाहेर वाहतो आहे का. दोन, हीटसिंक फार तापला आहे का. आणि तीन, स्पीकरकडे गाण्याच्या लहरींऐवजी बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह, म्हणजे डी.सी., जातो आहे का. यांपैकी काही दिसले की तो रिले नावाचा लोहचुंबकी स्विच सोडून देतो. तोच तुम्ही ऐकता तो 'टक्'. सुरू केल्यावर तीन-चार सेकंदांनी असाच एक 'टक्' ऐकू येतो, तो मात्र शुभ समजावा. सगळे ठीक आहे असे पाहून पहारेकऱ्याने दार उघडले, असा त्याचा अर्थ. स्वस्त अॅम्प्लिफायरमध्ये एवढा सरंजाम नसतो. तिथे एक फ्यूज असतो, किंवा आयसीमध्येच थोडेफार संरक्षण केलेले असते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती म्हणून या पहारेकऱ्यालाच घरी पाठवतात. रिलेच्या दोन टोकांना आडवी तार जोडतात, किंवा फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तांब्याची तार घालतात. यंत्र त्या दिवशी चालते, गिऱ्हाईक खूष होते. पण पुढे काय होते, याचा हिशेब मांडू. समजा, आतला एक ट्रान्झिस्टर गेला आणि ३५ व्होल्टचा डी.सी. थेट स्पीकरवर आला. स्पीकरच्या गुंडाळीचा रोध ६ ओहम धरला, तर प्रवाह जवळजवळ ६ अँपिअर आणि शक्ती २०० वॅट. हे गाणे नव्हे, ही नुसती उष्णता आहे. डाग देण्याची सोल्डरिंगची सळई २५ वॅटची असते. अशा आठ सळया केसासारख्या बारीक तारेच्या गुंडाळीला एकदम लावल्यावर काय व्हायचे? गुंडाळी जळते, तिला चिकटलेला कागदी पडदा धुमसतो, आणि स्पीकर पडद्याशेजारी किंवा गादीशेजारी असेल तर आग घराला लागते. फ्यूजमध्ये जाड तार घातलेली असेल तर ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणून ज्या किमतीचा फ्यूज छापलेला असेल त्याच किमतीचा घालावा, आणि तो पुन्हा गेला तर कारण शोधावे.

मग कारण शोधायचे कसे? ताप आलेला रोगी आला की वैद्य प्रथम विचारतो, "ताप केव्हा चढतो? सकाळी की संध्याकाळी? थंडी वाजून येतो का?" आपणही तेच करावे. एक वही घ्यावी, आणि चार दिवस प्रत्येक वेळी लिहून ठेवावे : सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडला, आवाज किती मोठा होता, किती स्पीकर जोडले होते, आणि त्या वेळी घरात किंवा गावात आणखी काय चालू होते. एवढ्या नोंदीवरून बहुतेक तक्रारी चार वर्गांत पडतात.

पहिला वर्ग : सुरू करताच बंद होणारा, किंवा शुभ 'टक्' मुळी वाजतच नाही असा. इथे एकच प्रयोग निम्मे कोडे सोडवतो. प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. मागच्या दोन्ही स्पीकरांच्या तारा आणि मोबाईलची तार, सगळे सोडवावे. मग प्लग लावून यंत्र सुरू करावे. आता ते चालू राहिले आणि 'टक्' वाजला, तर दोष बाहेर, म्हणजे तारेत किंवा स्पीकरमध्ये आहे. काही जोडलेले नसताना सुद्धा ते बंद पडले, तर दोष आत आहे आणि तिथे आपले काम संपले. मात्र जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर असेल तर हा प्रयोग करू नये. तो स्पीकर न जोडता चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिघडू शकतो.

दोष बाहेर आहे असे ठरले, की आधी तारा पाहाव्यात. स्पीकरची वायर बारीक केसांसारख्या तारांची असते. लाल आणि काळ्या टोकाशी ती जोडताना एखादा केस बाहेर राहतो आणि शेजारच्या टोकाला चिकटतो. हा दोष फार आढळतो, आणि तो काढायला एक पैसा लागत नाही. तारा पिळून घ्याव्यात, निम्मा इंच सोलाव्यात आणि घट्ट बसवाव्यात. मग सगळी वायर हातातून काढून पाहावी. ती दाराच्या फटीत चिरडली आहे का, तिच्यातून खिळा गेला आहे का, पत्र्याच्या पेटीमागे उंदराने कुरतडली आहे का, हे पाहावे.

दुसरा वर्ग : हळू आवाजात तासन् तास चालणारा, पण आवाज वाढवला की बंद पडणारा. इथे प्रवाहाचा संशय घ्यावा, आणि इथेच ओहमचा नियम कामाला येतो. गेओर्ग ओहम हा कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जर्मनीतल्या कोलोन शहरात तो शाळाशिक्षक होता. शिकवता शिकवता त्याने तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. दाब तोच ठेवला आणि रोध निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो, हे त्याचे सार.

आता गणपतीच्या दिवसांत आपण काय करतो? घरातल्या अॅम्प्लिफायरला ८ ओहमचा एकेक स्पीकर दोन्ही बाजूंना असतो. ओटीवर आवाज जावा म्हणून आणखी एक जोडी त्याच टोकांना लावतो. मग शेजारी आपली जोडी आणून देतात, तीही लावतो. स्पीकर वाढले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला काम कमी येईल, असे आपल्याला वाटते. हिशेब उलटा आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रोध ४ ओहम होतो. तसे चार जोडले की २ ओहम. अॅम्प्लिफायरने २० व्होल्ट दिले असे धरा. ८ ओहमला प्रवाह अडीच अँपिअर आणि शक्ती ५० वॅट. ४ ओहमला ५ अँपिअर, १०० वॅट. २ ओहमला १० अँपिअर, २०० वॅट! एका बैलाच्या मोटेवर चार शेतांचे पाणी मागितल्यासारखे हे झाले. पहारेकरी दार लावतो, ते बरोबरच करतो. अॅम्प्लिफायरच्या पाठीवर '४ ते १६ ओहम' किंवा '८ ओहम' असा आकडा छापलेला असतो. त्यातल्या लहान आकड्याखाली कधी उतरू नये. दोन जोड्या लावण्याची सोय असलेल्या यंत्रावरही, दोन्ही एकदम चालवायच्या असतील तर किती ओहम पाहिजेत, ते निराळे छापलेले असते. ते वाचावे.

स्पीकर जास्त नाहीत, तरी आवाज वाढवताच बंद पडतो, असे असेल तर स्पीकरच तपासावा. शाळेत मल्टिमीटर असतो. त्याने, स्पीकर अॅम्प्लिफायरपासून सोडवून, रोध मोजावा. मीटर छापील आकड्यापेक्षा थोडे कमी दाखवतो, त्याने घाबरू नये. ८ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास आणि ४ ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास दिसतो. ८ ओहमचा स्पीकर एक-दीड ओहम दाखवू लागला, तर त्याची गुंडाळी आतून चिकटली आहे.

आणि इथे स्टिरिओचा एक मोठा फायदा आहे. स्टिरिओ म्हणजे डावा आणि उजवा, असे दोन सारखे अॅम्प्लिफायर एकाच डब्यात. आजारी भावाशेजारी निरोगी जुळा भाऊ उभा आहे, तेव्हा तुलना करता येते. एका वेळी एकच बाजू आणि एकच स्पीकर जोडावा. डावी बाजू डाव्या स्पीकरला, मग डावी उजव्याला, मग उजवी डाव्याला, मग उजवी उजव्याला. या चार जोड्या झाल्या. डावा स्पीकर जिथे जिथे जाईल तिथे यंत्र बंद पडत असेल, तर दोष त्या स्पीकरचा. स्पीकर कोणताही असो, डावी बाजू वापरली की बंद पडत असेल, तर दोष अॅम्प्लिफायरच्या डाव्या बाजूचा. शिक्षकबंधूंनो, फळ्यावर चार घरांचा तक्ता काढून हा प्रयोग सातवी-आठवीच्या मुलांपुढे करावा. मुले स्वतः उत्तर काढतात. प्रत्येक वेळी तारा बदलण्यापूर्वी प्लग काढायचा, हा नियमही त्यांना त्याबरोबरच शिकवावा.

तिसरा वर्ग : अर्ध्या-पाऊण तासाने बंद पडणारा, आणि निवल्यावर पुन्हा चालणारा. ही उष्णतेची खूण. आपल्याकडे यंत्रावर विणकामाचा रुमाल घालण्याची फार हौस. दिसतो छान, पण अॅम्प्लिफायरच्या डोक्यावरची भोके त्याने झाकतात. कोणी तो काचेच्या कपाटात ठेवतो, कोणी त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवतो. दोन-तीन वर्षांची धूळ हीटसिंकच्या फटींत बसली की तीही गोधडीसारखी ऊब धरते. काही यंत्रांत लहान पंखा असतो, तो कचऱ्याने अडकतो. अॅम्प्लिफायर मोकळ्या टेबलावर ठेवावा, चारी बाजूंना वीतभर जागा सोडावी, आणि शेजारी टेबलपंखा लावून पाहावे. आता तो दोन तास चालला, तर रोग कळला आणि औषधही मिळाले.

पण एक भेद लक्षात घ्यावा. उष्णता नेहमीचीच असून बाहेर जात नाही, हे एक. आणि मुळात उष्णताच जास्त निर्माण होते, हे दुसरे. आवाज अगदी हळू असताना, किंवा स्पीकर सोडवलेले असताना सुद्धा यंत्र कढत होत असेल, किंवा डब्याची एकच बाजू तापत असेल, तर दोष आतला आहे. ट्रान्झिस्टर तापला की त्याला उघडायला कमी दाब पुरतो. दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट. म्हणजे तो तापतो, म्हणून जास्त वाहतो, आणि जास्त वाहतो म्हणून आणखी तापतो. हे चक्र आवरायला हीटसिंकवर एक देखरेखीचा ट्रान्झिस्टर बसवतात. त्याची पकड सैल झाली किंवा त्याखालची पांढरी पेस्ट वाळली की लगाम सुटतो. हे काम कारागिराचे, पण 'हळू आवाजातही डावी बाजू तापते' हे एक वाक्य तुम्ही त्याला सांगितले, तर त्याचा बराच वेळ वाचतो.

याच वर्गात एक गंमतही सांगितली पाहिजे. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत, गाणे थांबून काही वेळ गेला की वीज वाचवण्यासाठी ते आपण होऊन झोपी जाते. यंत्र गार आहे, गाणे थांबलेले होते, आणि दर वेळी तितक्याच मिनिटांनी ते बंद होते, असे असेल तर दुकानात जाण्यापूर्वी सोबतचे पुस्तक उघडावे. ती सोय बंद करता येते.

चौथा वर्ग : काही ताळतंत्र नसलेला. कोणी खोलीत चालले की बंद, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की बंद, किंवा दिवेलागणीला बंद. हादऱ्याने बंद पडणाऱ्यात बहुधा काहीतरी सैल असते : भिंतीतला सॉकेट, प्लगमधला स्क्रू, फ्यूजचा चाप, नाहीतर आत ड्राय सोल्डर, म्हणजे डागाला गेलेली बारीक चीर. ठरावीक वेळी बंद पडणाऱ्याची वही गावाच्या विजेशी ताडून पाहावी. घरात २३० व्होल्ट यायला हवेत. गावातले पंप सुरू झाले की ते उतरतात, आणि दिवे मंद होतात त्याच क्षणी यंत्राचा रिले सुटतो. याची सोपी परीक्षा म्हणजे अॅम्प्लिफायर दुसऱ्या वस्तीतल्या नातलगाकडे चार दिवस ठेवणे. तिथे तो बिनतक्रार चालला, तर त्याची काही चूक नव्हती, आणि तुम्हाला स्टॅबिलायझर घ्यायला हवा.

आता कोणी विचारील, "झाकण उघडून आत का पाहू नये?" उत्तर असे की, प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर वीज साठवून ठेवतात. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, स्विचिंग पद्धतीच्या यंत्रांत तर २३० व्होल्टपासून सुमारे ३२५ व्होल्टचा डी.सी. तयार होतो, आणि तो प्राणघातक असतो. विजेचे काम शिकलेल्याखेरीज कोणी झाकण उघडू नये. आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधी मोडू नये.

कारागिराकडे जाल तेव्हा आपली वही न्यावी आणि काही गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना तो सिरीज बल्ब लावतो का? म्हणजे ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब विजेच्या वाटेत घालतो का? आत काही चिकटलेले असेल तर बल्ब लख्ख पेटतो, आणि नव्याने घातलेले ट्रान्झिस्टर वाचतात. एलईडीचा दिवा या कामाला चालत नाही. स्पीकर जोडण्यापूर्वी त्या टोकांवर डी.सी. मोजला का? तो जवळजवळ शून्य, म्हणजे मिलिव्होल्टमध्ये असावा. ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात, तेव्हा जोडीतले दोन्ही बदलले का? चांगल्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही. आणि काढलेले भाग परत मागावेत. ते शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना दाखवायला उपयोगी पडतात.

ऐकताना विसर पडू नये म्हणून क्रम पुन्हा सांगतो. आधी वही. मग सगळे सोडवून नुसते यंत्र. मग एका वेळी एक स्पीकर. मग ओहमची बेरीज. मग मोकळी हवा. मग दुसऱ्या घरची वीज. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोन बदलल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही. इतके करूनही यंत्र बंद पडत राहिले, तर ते वारंवार चालू करून पाहू नये. प्लग काढून ठेवावा आणि जाणकाराकडे न्यावे.